परसबाग मोडून नव्यानं मांडायची वेळ

होळी झाली, उन्हं तापायला लागली. दरवर्षी या दिवसांत आमच्या गटाच्या बैठकीत एक वाक्य ठरलेलं असतं, "यंदा आमची बाग काही जमली नाही बघा." मग कुणी म्हणतं शेणखत कमी पडलं, कुणी म्हणतं बी खोटं निघालं, कुणी शेजारणीच्या कोंबड्यांवर ढकलतं. चहा होतो, हप्ते गोळा होतात आणि पुढच्या वर्षी पुन्हा तीच जागा, तेच वाफे, तेच वाक्य.

आज त्याबद्दलच बोलायचं आहे. बागेची डागडुजी करत राहायचं कधी, आणि जाणत्या माणसाला बोलावून सगळी बाग मोडून तिची मांडणी नव्यानं करून घ्यायची कधी, हे ओळखायचं कसं? आम्हाला ते कळायला तीन वर्षं लागली. त्यात नुकसान आमच्या गटातल्या एका मामींचं झालं, आणि चूक बरीचशी आमची होती. तेव्हा आधी तेच सांगतो.

आमचा भाग सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडचा, माण तालुक्यातला. पाऊस जेमतेम, तोही वेळेवर येईल याचा भरवसा नाही. बोअरचं पाणी मचूळ. अशा ठिकाणी परसबाग ही हौस नसते. आठवडी बाजारातून आणलेली भाजी दोन दिवस पुरते, उरलेले पाच दिवस डाळ, पिठलं आणि चटणी. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या आहार-मार्गदर्शिकेत माणशी दिवसाला किमान 300 ग्रॅम भाजी सांगितली होती : 50 ग्रॅम पालेभाजी, 200 ग्रॅम इतर भाज्या, 50 ग्रॅम कंदमुळं. गरोदर बाईला पालेभाजी 100 ग्रॅम. पाच माणसांच्या घरात हा हिशेब दिवसाला दीड किलोवर जातो. एवढी भाजी रोज विकत घेऊन खाणारं घर आमच्या गावात आम्हाला तरी माहीत नाही.

म्हणून आम्ही घरोघरी परसबागा करायला घेतल्या. प्रशिक्षणात शिकवली होती ती गोल बाग, सात वारांचे सात वाफे, मधे पपई. छान दिसते, समजायला सोपी. मे महिन्यात प्रशिक्षण झालं आणि त्याच आठवड्यात आम्ही मामींच्या परसात दोरी धरून गोल आखला. घराच्या उत्तरेला साधारण 30 फूट रुंद आणि 25 फूट खोल अशी मोकळी जागा. भर दुपारी आखणी करताना सगळीकडे लख्ख ऊन होतं. आम्ही म्हटलं, याहून चांगली जागा कुठली?

पहिल्या वर्षी बाग खरंच बहरली. मेथी, पालक, घेवडा, दोडका, वांगी. बाहेरगावचे गट बघायला यायचे, मामी डोक्यावरचा पदर सारखा करून सगळ्यांना वाफे दाखवायच्या. दुसऱ्या वर्षी घेवडा नीट उगवला नाही. आम्ही म्हटलं, बी बदला. पद्मश्री राहीबाई पोपेरे यांनी गावठी बियाणं कसं जपलं ते आम्ही ऐकलं होतं, तेव्हा आम्हीही आजूबाजूच्या गावांतून गावठी बी मिळवून दिलं. बियाणं उत्तमच होतं. पण जिथं रोपाला जमीनच नकोशी झाली आहे तिथं बियाण्यानं काय करावं? तिसऱ्या वर्षी पाणी कमी पडलं म्हणून आम्हीच सांगितलं, "मामी, मोरीचं पाणी वाया कशाला घालवता? पाइप टाका, सगळं बागेत सोडा." मामींनी ऐकलं. न्हाणीचं, धुण्याचं, भांड्यांचं, सगळं पाणी थेट वाफ्यात. बाग सुधारली नाही तेव्हा आम्ही सांगितलं, शेणखत वाढवा. तेही त्यांनी वाढवलं.

त्याच सुमारास मुलानं घरावर दोन खोल्या चढवल्या. त्याचा आणि बागेचा काही संबंध असेल हे आमच्यापैकी कुणाच्याही डोक्यात आलं नाही.

मग त्यांच्या सुनेला दिवस गेले. तपासणीत रक्त साडेआठ भरलं. गरोदरपणात हिमोग्लोबिन 11 च्या खाली असलं की रक्तक्षय धरतात, हे आपण या रेडिओवर ऐकलं आहेच. गोळ्या सुरू झाल्या. त्या घ्याव्याच लागतात, एकट्या पालेभाजीनं ती तूट भरून येत नाही. पण आशाताई सहज बोलून गेल्या, "अहो मामी, तुमची तर बाग बघायला लोक येतात. मग घरात पालेभाजी कशी नाही?" मामी काही बोलल्या नाहीत. पुढच्या बैठकीत त्यांनी कर्ज मागितलं, 20 हजार रुपये. कशाला, तर परसात कोबा करायला. "वरचेवर पाणी साठतं, चिखल होतो, डास होतात. सुनेचा पाय घसरला तर काय करू? पोरगा टेम्पो तरी उभा करील तिथं."

आम्ही सगळ्या गप्प बसलो. वहीत तर अजून लिहिलेलं होतं, 'आदर्श परसबाग'.

आमच्यातल्या एका वहिनींनी सुचवलं की कोबा करण्याआधी एकदा जाणत्या माणसाला दाखवू. तालुक्याला कृषी खात्यातून निवृत्त झालेले एक पर्यवेक्षक आहेत, ते घरच्या बागेचे, शेततळ्याचे आराखडे करून देतात. फी दीड हजार रुपये. झालं, बैठकीत गदारोळ. "नुसतं बघायचे दीड हजार?" "आपल्याला काय शेती कळत नाही?" "माझ्या सासऱ्यांनी चाळीस वर्षं ऊस केला, त्यांना विचारते फुकट." आम्ही स्वतःही कुरकुरलो, खोटं कशाला सांगा. इतकी वर्षं आम्ही परसबाग शिकवत होतो, आणि आता त्याच बागेत परका माणूस पैसे देऊन आणायचा म्हणजे आपल्याला येत नाही हे कबूल करायचं. शेवटी निम्मे गटानं आणि निम्मे मामींनी द्यायचे असं ठरलं.

काका आले ते पायात साध्या चपला, खांद्याला शबनम. आल्या आल्या बाग बघायला निघाले नाहीत. ओट्यावर बसून मामींना विचारत राहिले. घरात जेवणारी किती? पाणी कोण घालतं? सकाळी की संध्याकाळी? खाली बसून खुरपता येतं का? मामींनी गुडघ्यावर हात ठेवला. काकांनी तेही लिहून घेतलं. मग विचारलं, "काय येतं आणि काय येत नाही?" मामी म्हणाल्या, "घेवडा मुळीच येत नाही, गाजर नाही, कांदा नाही. पालक तेवढा जीव धरून असतो, आणि बीट." काका म्हणाले, "मग दुखणं अर्धं कळलं."

आम्हाला काहीच कळलं नव्हतं. त्यांनी समजावलं. घेवडा, गाजर, कांदा यांना जमिनीतले क्षार सोसत नाहीत. पालक आणि बीट बरेच क्षार सोसतात. एकाच बागेत ही तिन्ही मरतात आणि ही दोन्ही तगतात, तेव्हा दोष बियाण्याचा नाही आणि बाईच्या हातगुणाचाही नाही. मग त्यांनी वाफ्यातलं एक वाळलेलं ढेकूळ उचललं, काचेच्या ग्लासात साठवलेलं पावसाचं पाणी घेतलं आणि ढेकूळ त्यात अलगद सोडलं. ढवळायचं नाही, हलवायचं नाही. चहा होईपर्यंत ढेकळाभोवती दुधासारखा गढूळ ढग जमला होता. चांगली माती पाण्यात फुटली तरी तळाशी बसते, पाणी बऱ्यापैकी स्वच्छ राहतं. चोपण झालेली माती अशी पाण्यात पसरते आणि तिचे कण वाफ्यात छिद्रं बुजवून टाकतात. म्हणून वर पाणी साठतं, आणि वाळलं की जमीन विटेसारखी टणक होते. पुढे माती तपासून आली तेव्हा सामू 8.9 निघाला. भाजीला साधारण साडेसहा ते साडेसात लागतो, साडेआठच्या वर गेला की चोपण.

आणि हे झालं कशानं? धुण्याच्या पावडरीत सोडा असतो. बोअरचं पाणी आधीच मचूळ. दोन्ही मिळून आम्ही पाइपानं रोज वाफ्यात सोडत होतो. सांगितलं कुणी? आम्हीच. मामींनी आम्हाला एक शब्द लावून बोलल्या नाहीत, त्याचं जास्त लागलं.

दुसरी गोष्ट उन्हाची. काकांनी विचारलं, गोल आखला कधी? मे महिन्यात. ते हसले. मे महिन्यात आपल्याकडे दुपारी सूर्य डोक्यावर असतो, शून्य सावलीचा दिवसही त्याच महिन्यात येतो. तेव्हा घराची सावली घरापाशीच राहते. पण मार्गशीर्ष-पौषात सूर्य दक्षिणेला कलतो. आपल्या भागात डिसेंबरात भर दुपारीसुद्धा 20 फूट उंच भिंतीची सावली उत्तरेला सुमारे 17 फूट पडते. घर एकमजली होतं तोवर सावली आठ-नऊ फुटांत संपायची. वर खोल्या चढल्या आणि 25 फुटांच्या परसातली 17 फूट जागा हिवाळाभर सावलीत गेली. आणि आपली पालेभाजीची, वाटाण्या-गाजराची खरी वेळ तर हिवाळाच. भाजीला दिवसाला सहा तास तरी ऊन लागतं. मामींच्या गोलातल्या सातपैकी चार वाफ्यांना ते मिळतच नव्हतं.

पाण्याचा हिशेबही त्यांनी जमिनीवर काडीनं करून दाखवला. भाजीच्या वाफ्याला एका चौरस मीटरला रोज पाच लिटरच्या आसपास पाणी लागतं, कडक उन्हाळ्यात त्याहून जास्त. मामींचे वाफे सगळे मिळून 50 चौरस मीटर, म्हणजे 250 लिटर. पंधरा लिटरच्या सतरा बादल्या. घरात स्वयंपाकाचं, भाजी-तांदूळ धुतल्याचं चांगलं पाणी उरतं जेमतेम चार-पाच बादल्या. मग चैत्र-वैशाखात बाग जळणार नाही तर काय होईल? इतकी वर्षं आम्ही म्हणत होतो, उन्हाळ्यात बाग टिकत नाही. ती मोठी होती म्हणून टिकत नव्हती.

मैत्रिणींनो, आता मुद्द्याकडे येतो. प्रत्येक दुखण्याला असा माणूस बोलवायची गरज नसते. मावा पडला, पानं गुंडाळली, वांग्याला शेंडाअळी लागली, एखादा वाफा उंदरांनी पोखरला, यासाठी मांडणी मोडायची नाही. निंबोळी अर्क आहे, हातानं वेचणं आहे, आणि किसान कॉल सेंटरचा 1800-180-1551 हा फुकटचा नंबर आहे, तिथं मराठीत विचारता येतं. एक हंगाम बिघडला म्हणून घाबरू नका, पाऊस आपल्या हातात नाही.

पण हंगाम बदलला, पीक बदललं, बी बदललं, तरी त्याच जागी तेच होत असेल, तर दोष जागेत आहे. आम्ही ही खूण सर्वांत मोठी मानतो. रोप उपटून मुळं बघा. मुळांवर गाठीच गाठी दिसल्या तर सूत्रकृमी आहेत, आणि त्याच वाफ्यात पुन्हा पुन्हा टोमॅटो, भेंडी, काकडी लावून तुम्ही त्यांना जेवायला घालत आहात. घेवड्याच्या मुळांवर वेगळ्या गाठी असतात, त्या चांगल्या. त्या बोटानं सहज निघतात, सूत्रकृमीची गाठ म्हणजे मूळच फुगलेलं असतं. सूत्रकृमींवर झेंडू लावणं, निंबोळी पेंड घालणं, आणि एप्रिल-मेमध्ये वाफा ओला करून पारदर्शक प्लॅस्टिकखाली चार ते सहा आठवडे तापवणं हे घरी जमतं. मात्र बागेभर गाठी असतील तर पिकांची सगळी फिरतीच नव्यानं आखावी लागते.

पाणी बागेत मुरायच्या ऐवजी घराच्या भिंतीत मुरत असेल, आतून पोपडे धरत असतील, तर बाग बाजूला ठेवा, आधी माणूस बोलवा. त्यात आठवडाही घालवू नका. आमच्या गटातल्या एकीच्या घरी पायापाशी अळूचा वाफा होता, झकास अळू यायचं, आणि पाठची मातीची भिंत पावसात फुगून बाहेर आली. नशिबानं कुणी झोपलं नव्हतं त्या खोलीत.

शेजाऱ्यानं भिंत उंच केली, आपण मजला चढवला, झाड मोठं झालं, तरी बाग जुनीच चालू असेल तर उन्हाचा हिशेब पुन्हा करा. यासाठी पैसे लागत नाहीत. सकाळी नऊला, दुपारी बाराला आणि तीनला सावलीच्या कडेनं राखेची रेघ ओढा. एक दिवस पौषात आणि एक दिवस वैशाखात. तीनही रेघांच्या बाहेर राहणारी जागा तुमची खरी भाजीची जागा.

आणि एक खूण आहे ती कुणी सांगत नाही. बाग ज्या घरासाठी केली ते घर बदललेलं असतं. तेव्हा सासूबाई धडधाकट होत्या, आता त्यांना वाकवत नाही. तेव्हा सून घरी होती, आता ती सकाळी कंपनीच्या गाडीनं जाते. तेव्हा पोरं लहान होती, पाणी घालायची, आता ती शिकायला बाहेर. बाग तेवढीच मागते, हात कमी झालेले असतात. मग घरात कुरबुरी सुरू होतात, "बागेत कुणी लक्षच देत नाही." अहो, लक्ष द्यायला आहे कोण? अशा वेळी बाग लहान करणं, वाफे उंच करणं, रोज लागणाऱ्या भाज्या दारापाशी आणणं, ही मांडणी बदलायची कामं आहेत. माणसांना बोलून ती होत नाहीत.

या सगळ्याचा पुरावा वहीत सापडतो. कोल्हापूरचे प्रा. श्रीपाद दाभोळकर 'प्रयोग परिवारा'तून साध्या शेतकऱ्यांना हेच शिकवत आले की आपल्या जागेवर स्वतः प्रयोग करा आणि मोजून नोंद ठेवा. आम्ही हप्त्यांची वही लिहितो, पण बागेची नाही लिहीत. आता आम्ही प्रत्येकीला एक पान दिलं आहे : आठवड्याला बागेतून किती भाजी निघाली आणि बाजारातून किती रुपयांची आणली. सलग दोन हिवाळे बाजाराचा आकडा वाढतच असेल तर डागडुजी पुरे झाली असं समजायचं.

बोलवायचं कुणाला, हा पुढचा प्रश्न. आधी फुकटचे दरवाजे ठोठावा. गावचे सहायक कृषी अधिकारी, जिल्ह्याचं कृषी विज्ञान केंद्र, तिथल्या उद्यानविद्येच्या आणि गृहविज्ञानाच्या मॅडम. माती तपासून घेतल्याशिवाय मात्र कुणालाच बोलवू नका. माती घेताना बागेत पाच-सहा ठिकाणी वीतभर खोल इंग्रजी 'व्ही'च्या आकाराचा खड्डा करायचा, कडेची माती वरपासून खालपर्यंत खरवडून घ्यायची, सगळी एकत्र कालवायची, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, असं करत अर्धा किलो उरवायची. खताच्या ढिगाजवळची, झाडाखालची, नुकतं खत घातलेली माती घ्यायची नाही. सावलीत वाळवून कापडी पिशवीत भरायची.

पैसे घेऊन आराखडा करणारा माणूस चांगला की वाईट, हे तो काय सांगतो त्यापेक्षा काय विचारतो त्यावरून कळतं. शेजारच्या गावात एका घरी असेच एक गृहस्थ आले होते. आले तेच रंगीत चित्रांचं पुस्तक घेऊन. जेवणारी माणसं किती, पाणी कुठून येतं, एक प्रश्न नाही. हिरवळ लावली, शोभेचे ताड लावले, वळणावळणाची फरशी घातली, 35 हजार रुपये घेतले. माण तालुक्यात हिरवळ! वैशाखापर्यंत तिचं काथ्याचं पायपुसणं झालं. घरच्या बाईनं नंतर त्यांना फोन केला तर ते म्हणाले, तुम्ही पाणी कमी घातलं. जो माणूस माती उकरून बघत नाही, सूर्य कुठून येतो विचारत नाही, आणि झाडं विकत त्याच्याकडूनच घ्यायला सांगतो, त्याला चहा द्या आणि वाटेला लावा. पैसे टप्प्यानं द्या : आराखड्याचे वेगळे, कामाचे वेगळे. आराखडा कागदावर हातात घ्या. आमच्या काकांचा आराखडा वहीच्या दुहेरी पानावर पेन्सिलीनं काढलेला आहे, पण त्यात उत्तर दिशा आहे, मापं आहेत आणि पौषातली सावलीची रेघसुद्धा आहे.

एका गोष्टीवर मात्र मामी आणि काकांचं बिनसलं. परसाच्या पश्चिमेच्या कोपऱ्यात कडुलिंब आहे, मामांनी लावलेला. मामा जाऊन नऊ वर्षं झाली. काका म्हणाले, हे झाड काढा, तिसऱ्या प्रहरचं सगळं ऊन अडवतंय. मामी म्हणाल्या, "बाग नको मला मग." आणि आत निघून गेल्या. काका जरा वेळ डोकं खाजवत बसले, पेन्सिलीनं खोडलं आणि पुन्हा काढलं. झाडाच्या आणि घराच्या सावलीत अळू, हळद, आलं, पुदिना. भाजीचे वाफे सगळे उत्तरेच्या कुंपणालगत, सावलीच्या रेघेपलीकडे. झाडाच्या पूर्वेकडच्या फांद्या दरवर्षी हिवाळ्याआधी छाटायच्या. आम्हाला त्या दिवशी वाटलं की दीड हजार रुपये इथं वसूल झाले. आराखडा करणाऱ्याला खोडता आलं पाहिजे.

बाकीची मांडणी अशी. गोल मोडला, सरळ वाफे केले, चार फूट रुंद, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात मधोमध पोहोचतो आणि वाफ्यात पाय पडत नाही. मधे दोन फुटांच्या वाटा. घर बांधताना उरलेल्या विटांचे दोन वाफे अडीच फूट उंच केले, त्यात तलावातला गाळ आणि शेणखत भरलं. मामी आता उभ्यानं मेथी खुडतात. धुण्या-न्हाण्याचं पाणी वेगळ्या पाइपानं भिंतीपासून लांब नेलं, वाळू-खड्यांच्या खड्ड्यातून गाळून कर्दळीला आणि शेळीच्या गवताला दिलं, उरलेलं शोषखड्ड्यात. आम्ही विचारलं, तिथं केळ का नको, सगळे मोरीवर केळच लावतात. तर केळीलाही क्षार सोसत नाहीत, या पाण्यावर आणि या मातीत नको, म्हणाले. भाजीला फक्त स्वयंपाकघरातलं धुवणाचं पाणी, तेही भांड्यांच्या साबणाचं नाही. उन्हाळ्यात तीनच वाफे चालू ठेवायचे, बाकीचे पालापाचोळ्यानं झाकून ठेवायचे.

बिघडलेली माती सुधारायला वेळ लागला, आणि हे आधी माहीत असलेलं बरं. तपासणीच्या अहवालावरून जिप्सम किती घालायचं ते काकांनी लिहून दिलं. मे महिन्यात ते मातीत मिसळलं, चर काढून पाण्याला वाट करून दिली आणि पावसाला धुऊ दिलं. मग धैंचा पेरला, तो चोपण जमिनीतही येतो. दीड महिन्यानं फुलावर यायच्या सुमारास गाडला. म्हणजे पावसाळाभर त्या वाफ्यांतून एक पान खायला मिळालं नाही. तेवढे दिवस दोन उंच वाफ्यांवर आणि गटातल्या बाकीच्यांनी आळीपाळीनं पोचवलेल्या पालेभाजीवर भागवलं. पालेभाजी पोचवायची पाळी आम्ही वहीत लावली होती. आमच्याकडून झालेल्या नुकसानीची भरपाई म्हणा हवं तर. मामींना तसं सांगितलं नाही, त्यांना कळलंच असणार.

खर्च सगळा मिळून 9,400 रुपये झाला. कर्ज 20 हजारांच्या ऐवजी 10 हजारांचं घेतलं, बारा हप्त्यांत फिटलं. सुनेचं बाळंतपण सुखरूप झालं, शेवटच्या तपासणीत रक्त साडेदहाला आलं होतं. ते गोळ्यांचं काम, बागेला त्याचं श्रेय देणार नाही, कारण तेव्हा बागेत धैंचाच उभा होता. बाग आता पूर्वीच्या निम्मी आहे. बघायला कुणी येत नाही. परवा मामींनी वहीचं पान दाखवलं, माघ महिन्यात बाजारातून आणलेली भाजी म्हणजे फक्त कांदे-बटाटे. घेवडा अजून मनासारखा येत नाही.

तुमच्यापैकी कुणाला आपल्या बागेबद्दल अशी शंका असेल तर आत्ताच हालचाल करा. माती आता कोरडी आहे, नमुना चांगला निघेल. चैत्रात अहवाल हाती आला तर वैशाखात काम होतं आणि पावसाचं पाणी फुकट मिळतं. आषाढात जागं झालात तर वर्ष गेलं. ग्लासातल्या ढेकळाचा प्रयोग तर आज संध्याकाळीच करून बघा, फक्त पाणी पावसाचं किंवा आरओचं घ्या, बोअरचं नको, त्यातले क्षार ढग जमूच देत नाहीत आणि माती चांगली आहे असं उगाच वाटतं.

मामींनी गेल्या मार्गशीर्षात राखेच्या रेघा पुन्हा ओढल्या. कडुलिंबाकडची रेघ वाफ्यात दोन हात आत आली होती. त्याच दुपारी मुलाला झाडावर चढवून फांद्या उतरवल्या आणि पाला वाळवून आम्हा सगळ्यांना धान्यात घालायला वाटला. पाडव्याला गुढीसाठी लागणारे डहाळेही यंदा तिथूनच मिळणार आहेत, मामींनी आधीच सांगून ठेवलं आहे.